रांजणातलं पाणी

॥ श्री ॥

पुणे
५ जानेवारी २०२४

चि. गोपाल यास वैजनाथकाकाचे अ. उ. आ.

वि. वि. तुझा निरोप पोहोचला. दादाच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पत्रकात काकानेच लिहावं असं तू म्हणालास. शाळेत छत्तीस वर्षं कविता शिकवलेल्या म्हाताऱ्याला आणखी काय हवं? मजकूर पुढे लिहितो आहे. वहिनींना, तुझ्या आईला, वाचून दाखव.

'माझे थोरले बंधू किसनराव म्हणजे काळ्या मातीतलं डोलतं शिवार. नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून एसटीने फाट्यावर आलो की दादाची बैलगाडी उभी असायचीच. घरी पोहोचताच ओसरीवरच्या रांजणातलं गार पाणी हाती यायचं. आमच्या विहिरीचं ते पाणी उसाच्या रसाशी पैज लावील इतकं गोड. माझ्या रेवतीने लहानपणी त्याच पाण्याने बाहुलीला न्हाऊ घालून अर्धा रांजण रिता केला, तरी दादा नुसता हसला. स्वतः मात्र गोठ्यातल्या माठातलंच पाणी प्यायचा, इतका साधा माणूस. त्या विहिरीच्या गोडव्यावरच आमचं कुटुंब वाढलं.'

कसं वाटलं ते कळव. काजलचा अभ्यास कसा चालला आहे? तिला म्हणावं, पाठांतर सोडू नकोस. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझा,
वैजनाथकाका


ता. संग्रामपूर
२० जानेवारी

वैजनाथ भाऊजीले वच्छलाबाईचा नमस्कार. धाकल्या जाऊले, शैलजाले, अन् रेवतीले आशीर्वाद. मी सांगून राह्यली अन् नात काजल लिहून राह्यली.

तुमचा कागद गोपालनं मोठ्या कौतुकानं पारावर वाचला. विहिरीचं पानी गोड, इथपावतर आला अन् सारे हसले. शेजारची सिंधूताई म्हने, पुन्याच्या मास्तरले दुसरंच कोन्तं गाव आठवून राह्यलं. मी हसली नाही.

भाऊजी, आपलं गाव खारपानातलं. विहीर खारी, बोअर खारं. त्या पान्यानं चहा फाटते, डाय शिजत नाही. मॅट्रिकपावतर तुमी तेच पेले, मंग इसरले काऊन? रेवती दीड वर्साची होती तवा तिचं पोट बिघडलं. जाताना तुमी म्हनलं होतं का हे पानी पोरीले सोसत नाही, आता आमाले येता येनार नाही. त्या रोजी तुमचे दादा जेवले नाही. पुढच्या उन्हायापासून तुमी आले का ते एक दिवसाआड गाडीवर टाकी ठेवत अन् सातपुड्याकडच्या गावातून गोडं पानी आनत. तीन कोस जानं, तीन कोस येनं. तुमी उठाच्या आंधी रांजन भरेल राहे. असे अकरा उन्हाये. मले शपथ घातली होती, वैजूले सांगू नको, तो येनं बंद करीन.

त्या रांजनाले त्यायनं कधी तोंड लावलं नाही. साधे होते म्हनून नाही हो, तुमाले पुरलं पायजे म्हनून. बाहुलीची आंघोय झाली त्या दिवशी ते दुसऱ्या खेपेले गेले, भर उन्हात. तुमाले सांगतलं का वावरात जाऊन राह्यलो.

किडन्या गेल्या तवा डॉक्टरनं पान्याचंच नाव घेतलं. आता घरात नळ आला, पन ते नाहीत. कागद बदलून धाडा. मेलेल्या मानसावर गाव हसलं, हे मले सोसलं नाही.

वच्छलाबाई


पुणे
२ फेब्रुवारी

ती. वहिनींस वैजनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी उत्तर लिहिलं. वयामुळे विस्मरण झालं, असं त्यात होतं. मग ते फाडलं.

वहिनी, मी विसरलो नव्हतो. ज्या उन्हाळ्यात रांजण पहिल्यांदा गोड लागला, त्या पहिल्या घोटालाच कळलं होतं की हे आपलं पाणी नव्हे. विचारलं नाही. विचारलं असतं तर कुठून येतं ते ऐकावं लागलं असतं, आणि ऐकल्यावर अर्ध्या रात्री उठून गाडीवर दादाशेजारी बसावं लागलं असतं. सुट्टीत मला माझी झोप फार प्रिय होती.

एका पहाटे अंगणात बाजेवर जाग आली. दादा टाकीतून घागर भरून खांद्यावरून आत नेत होता. पाठ चिंब भिजलेली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पांघरूण तोंडावर ओढलं. त्याने वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या घागरी अनवाणी नेल्या, मला आवाज होऊ नये म्हणून. मी पांघरुणाआडून मोजत पडलो होतो. नऊ.

पुढे वर्गात मुलांना आमच्या विहिरीचं कौतुक सांगत राहिलो. दरवर्षी सांगता सांगता ती गोड झाली. सोयीची गोष्ट पाठ व्हायला कवितेपेक्षा कमी वेळ लागतो.

नवा मजकूर सोबत आहे. त्यात पांघरुणाचंही लिहिलं आहे. वर्षश्राद्धाला मात्र तो गोपालने वाचावा. गावासमोर उभं राहायचं माझ्याने होणार नाही. मला येण्याचा आग्रह करू नये, ही विनंती.

आपल्या चरणांकडे पाहायचीही लाज वाटणारा,
वैजनाथ


ता. संग्रामपूर
९ फेब्रुवारी

वैजनाथ भाऊजीले नमस्कार.

नवा कागद गोपालनं मले एकटीले वाचून दाखवला. हा बरोबर हाय. आंधीच्यावानी सजवेल नाही, म्हनून बरा वाटला.

पांघरुनाचं तुमच्या दादाले माहीत होतं. त्या दिवशी चुलीपाशी येऊन म्हनले, वैजू जागा हाय पन निजल्यावानी पडला. पडू दे, वर्सभर लोकायच्या लेकरायमांगं ओरडते बिचारा. एवढं बोलून त्यायनं माठातलं खारं पानी पेलं अन् वावरात गेले. ते तुमच्यावर कधी रागावले नाही. मी रागावली होती. अजून हाव.

गोपाल वाचनार नाही, मी त्याले नाही म्हनून सांगतलं. ज्यानं लिव्हलं त्यानंच वाचावं. लोक हसतीन, सिंधूताई तं नक्कीच हसन. तुमच्यावर हसतीन ना, त्यायच्यावर तं नाही. फाट्यावर गोपाल मोटरसायकल घेऊन उभा राहीन. शैलजाले बी आना.

काजल म्हन्ते, आजी, शेवटी लोभ असावा असं लिहा लागते. मी म्हनलं, तेवढी जागा कोरी ठेव. भाऊजीचं वाचून झालं का मी तोंडानंच सांगीन.

वच्छलाबाई