साडेसहाच्या काडतुसाबद्दल माझी तक्रार

प्रिय लेलँडदादास धाकट्या ऑरिनचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा आता वळतो का आणि मेवीसवहिनींना ॲरिझोनाचं ऊन मानवलं का, ते कळव. इकडे सगळे ठीक. (माझा अपमान सोडला तर.)

वडिलांनी आपल्याला थर्टी-ऑट-सिक्सवर वाढवलं. या एका जाड, दणकून धक्का देणाऱ्या काडतुसावर मोंटानातल्या निम्म्या घरांचे फ्रीजर मांसाने भरत आले. पण माझी सून ट्विला हिने यंदा साडेसहा मिलिमीटरचं नवं क्रीडमूर काडतूस आणलं. गोळी पेन्सिलीएवढी बारीक, आणि तिने म्हणे घोड्याएवढं एल्क हरीण पडतं. वर मला आलेख दाखवते: गोळी वाऱ्याने कमी ढळते, लांबवर सरळ जाते, खांद्याला धक्का कमी. अरे, धक्काच बसला नाही तर बंदूक उडाली हे माणसाला कळायचं कसं? (हे मी तिला विचारलं. तिने मला कॉफी ओतून दिली.)

हंगामाच्या पहिल्याच सकाळी झाडीतून एल्कचा एक नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. वडीलधारा म्हणून पहिला बार माझा. मी नीट नेम धरला, गोळी झाडली, ती त्याच्या पाठीवरून गेली. वारा होता. (ट्विला म्हणते पानही हलत नव्हतं.) मी दुसरी गोळी चढवेपर्यंत मागून तिची बंदूक वाजली आणि तो नर चार पावलं चालून खाली बसला, तो बसलाच. माझं स्पष्ट मत आहे की माझ्या आवाजाने तो आधीच अर्धमेला झाला होता.

मग केबिनवर आल्यावर तिने सुरी काढली. नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीला ठोकायचं, ही आपलीच रीत. त्या भिंतीवर तुझ्या शर्टांचे तुकडे भरपूर आहेत, पण माझा आजवर एकही नव्हता. तिने माझा तुकडा मधोमध ठोकला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामंजी, वारा वगैरे काही नव्हता. गोळी सुटायच्या आधी तुम्ही डोळे मिटता."

चाळीस वर्षं शिकार केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. मी उठून लाकडं फोडायला गेलो. (डाव्या हाताने. उजवा खांदा जरा धरला आहे.)

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
ऑरिन

ता. क. ट्विलाच्या त्या बंदुकीतले दोष शोधायला मी रविवारी गोठ्यामागे ती उडवून पाहिली. खांदा दुखला नाही. डोळे उघडे राहिले. दादा, गोळी डब्याला लागताना मला दिसली. किती वर्षांनी दिसली म्हणून सांगू.

पुन्हा ता. क. डॉक्टर म्हणतात, जुन्या बंदुकीचे धक्के बंद करा, नाहीतर पुढच्या हंगामात केबिनवर बसून बटाटे सोला. मला बटाटे सोलायचे नाहीत. नाताळात मला काय द्यावं, हे ट्विला दरवर्षी तुलाच विचारते. तर या साडेसहाच्या बंदुकीचं तेवढं सांग तिला. कल्पना तुझी आहे म्हण. आणि ऑरिनला हे मुळीच पसंत पडणार नाही, तरी आणच, असंही म्हण.