टिटवीची डावी बाजू

४ मार्च

चि. खलाशास,
अ. उ. आ.

फोनवर आपलं दोघांचं बोलणं ‘हं, बरंय’च्या पुढे जात नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो. तुझ्या ताईने लहानपणी ठेवलेल्या नावानेच हाक मारतोय. तुझं खरं नाव अजून माझ्या तोंडात बसत नाही.

कळवायचं ते हे, की मी तिचं यान पूर्ण केलं. पोटासाठी ती चित्रपटवाल्यांना नि गेमवाल्यांना हवी तशी अंतराळयानं कॉम्प्युटरवर बांधून द्यायची, ती वेगळी. हे तिचं स्वतःचं, टिटवी. कुणी मागितलेलं नव्हतं. आजारपणातही मांडीवर कॉम्प्युटर घेऊन ती त्यातच रमायची. ती गेली आणि ते अर्धवट राहिलं. संध्याकाळी कामावरून आलं की घर खायला उठतं, म्हणून मी तिच्या खुर्चीत बसून ते सॉफ्टवेअर शिकायला लागलो. आधी यान नुसतं फिरवून बघायचो, मग पत्रे जोडायला लागलो, मग त्यांच्या कडा घासायला. माझा धंदा तरी दुसरा काय आहे? लोकांच्या कवळ्या करणारा माणूस मी. डावी दाढ उजवीला जुळली नाही तर मला घास उतरत नाही.

टिटवीची डावी बाजू बघून मात्र मी कपाळाला हात लावला. उजवी कशी गुळगुळीत, खिडक्या एका ओळीत. डावीकडे मध्येच एक फुगवटा आणि त्यात एकच खिडकी, बाकीच्यांपेक्षा पार खाली घसरलेली, शिवाय वाकडी. हात चालला नसेल बिचारीचा. मी ती बाजू काढून टाकली आणि उजवीचं आरशातलं प्रतिबिंब तिथे बसवलं. या कामात तशी सोय असते, एक कळ दाबली की झालं. आता अशी देखणी दिसते की बघत राहावं. तिच्या स्टुडिओतली मंडळी टिटवी हातात धरता येईल अशी घडवून घेणार आहेत आणि त्यांच्या दारातल्या काचेच्या कपाटात तिच्या नावानिशी ठेवणार आहेत. पुढच्या महिन्यात फाइल द्यायची आहे. चित्र सोबत पाठवतोय, बघून कळव.

लिफ्टा दुरुस्त करताना जपून असावं आणि अधूनमधून जेवतही जावं, असं तिने सांगितलं असतं. ते मी सांगतोय.

आहे तो जिव्हाळा असाच असू दे.
तुझा,
भावोजी

१३ मार्च

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, चित्रही. उत्तर लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं, तरी राग उतरला नाही. तेव्हा चार शब्द जास्तीचे गेले तर पदरात घ्या.

ताईचा हात चालला नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? टिटवी कॉम्प्युटरवर जन्मलेली नाही. आमच्या जिन्याखाली एक मोडकं कपाट आडवं पाडून ठेवलेलं होतं, ती टिटवी. ताई कप्तान, मी खलाशी. तिला पुढच्या फटीतून बाहेरचं दिसायचं, मला काहीच दिसायचं नाही, आणि मी भोकाड पसरायचो. म्हणून तिने बाबांची करवत चोरून आणली आणि डाव्या फळीत माझ्यासाठी खिडकी पाडली. माझी उंची तेव्हा ती केवढी, म्हणून खिडकी खाली. चोरीची करवत आणि घाईचं काम, म्हणून वाकडी. फळी चिरफाळली तिथे तिने बाहेरून डब्याचा पत्रा ठोकला, तोच तुमचा फुगवटा. बाबांनी दोघांनाही बडवलं, पण खिडकी राहिली. पुढे दुसऱ्यांसाठी केलेलं प्रत्येक यान तिने पट्टीने आखल्यासारखं सरळ केलं. हे एकच तिने वाकडं ठेवलं होतं, जाणूनबुजून.

तुम्ही माझ्या बहिणीला कवळी बसवलीत, भावोजी. झकास बसली आहे, पण हसू तिचं राहिलेलं नाही. जुनं रूप कुठेतरी जपून ठेवलं असेलच. ते काढा आणि स्टुडिओला तेच द्या. नाहीतर काहीच देऊ नका.

इकडचं विशेष काही नाही. दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या पेट्यांशी बोलतो. घरी आलो की तेवढंही कुणी नसतं.

राग आला तरी माया सोडू नका.
आपला,
खलाशी

२० मार्च

चि. खलाशास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रातला एकही शब्द जास्तीचा नव्हता.

जुनं रूप नाही. रोज खुर्चीतून उठताना मी झालेलं काम जपून ठेवत होतो आणि दरवेळी नवं जुन्यावर बसत होतं. कवळी एकदा घासली की घासलेलीच राहते, मला दुसरी रीत ठाऊक नव्हती. तिचा सगळा कॉम्प्युटर धुंडाळला. स्टुडिओतल्या तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली की टिटवी तुझ्या ताईने कधी कुणाच्या हाती दिलीच नाही.

मग म्हटलं, आठवणीने परत करू. पण हात चालेना. ती बाजू मी इतके महिने रोज बघत होतो, पण चुका काढायला बघत होतो. फुगवटा केवढा होता, खिडकी कुणीकडे कलली होती, मला सांगता येत नाही. तुझ्या ताईच्या बाबतीतही माझं हेच झालं की काय, असं आता वाटतं. ती चहाचा कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवायची आणि मी तो आत सरकवायचो. कप आठवतो, सरकवणं आठवतं. त्या वेळी ती काय बोलत होती ते आठवत नाही.

खरं सांगतो, यान अर्धवट होतं तोवर संध्याकाळी मला बसायला जागा होती. पूर्ण झालं त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता, पण खुर्चीतून उठवेना. आता स्टुडिओला थांबा म्हणून कळवलंय. तुला आठवेल ते सगळं लिही. मी तुझ्या शब्दांवरून करीन.

रागावलेला असलास तरी आपला समजतो, तू तसंच समज.
तुझा,
भावोजी

२८ मार्च

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

राग गेला. तुमच्या पत्रातल्या कपाने घालवला.

मला आठवतं ते जिन्याखालचं कपाट. कॉम्प्युटरवरची टिटवी मी एकदाच पाहिली, शेवटच्या भेटीत. तिने ती बाजू वळवून वळवून दाखवली, पण माझं सगळं लक्ष तिच्या मनगटाकडे होतं. इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत जाईल. तेव्हा माझ्याही आठवणीवर विसंबू नका. चुका काढत बसलेला एक आणि मनगट बघत बसलेला दुसरा, चांगली जोडी जमली आहे आपली.

एक मात्र पक्कं आठवतं. कपाटात मी उपड्या बादलीवर बसायचो आणि या वेळी तिने माझ्यासाठी आत चांगला बाक केलाय असं ती म्हणाली होती. टिटवीच्या आत काय आहे ते तुम्ही बघितलंत का? की दातांच्या ठशांवर काम करून करून तोंडाच्या आत बघायची सवयच राहिली नाही?

तिच्या मागून मी तुम्हाला विचारपूस करणारं एक पत्र धाडलं नाही. त्या घरात शिरायचं जिवावर येत होतं, म्हणून पत्रातूनही शिरलो नाही.

आजवर दिलीत तशी सावली देत राहा.
आपला,
खलाशी

५ एप्रिल

चि. खलाशास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं.

या सॉफ्टवेअरमध्ये कामाचे थर असतात आणि प्रत्येक थरापुढे डोळ्याचं एक चित्र. डोळा मिटला की तो थर दिसत नाही. एका थराचा डोळा पहिल्यापासून मिटलेला होता. टाकाऊ काहीतरी असेल म्हणून मी तिकडे वळलोच नव्हतो. तुझं पत्र वाचून तो उघडला.

आत सगळं घर आहे रे. डाव्या बाजूला बाक आहे, त्यावर एक लहान मुलगा गुडघे पोटाशी घेऊन, मान उंचावून बसलाय. यानाचा आकार कळावा म्हणून ही मंडळी आत माणसाची एखादी बाहुली ठेवतात, पण ती कोरी असते. याचे कान बाहेर आलेले आहेत, हुबेहूब तुझे. तो डोळे मोठे करून बघतोय आणि त्याच्या नाकासमोर मी बसवलेली गुळगुळीत भिंत आहे.

उजव्या बाजूला एक टेबल. त्यावर वाकलेला एक माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या हातात काय आहे म्हणून जवळ जाऊन पाहिलं, तर कवळी. आणि टेबलाच्या अगदी कडेला चहाचा कप. तो मी सरकवला नाही.

पुढे कप्तानाची खुर्ची आहे. ती रिकामी आहे. बाकीचे सगळे थरही तपासून बघितले, ती कुठेच नाही. करायची राहून गेली असंही नाही, कारण खुर्चीची उशी दबलेली आहे, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. तिला ठाऊक होतं. आपल्या दोघांना आत बसवून ती उठली. हे बघून मी खूप रडलो, ते तुला सांगायला लाज वाटत नाही.

आता खिडकीचं. त्या मुलाच्या डोळ्यांपासून सरळ रेघ भिंतीवर नेली की जागा आणि उंची सापडते, त्यात चूक व्हायची नाही. कुणीकडे आणि किती वाकडी, ते मात्र मला कळत नाही, आणि अंदाजाने करायला या वेळी हात धजत नाही. तू येतोस का? उद्या खिडकी उघडू म्हणून रोज बसतो आणि रोज तसाच उठतो.

वाट बघणाऱ्याचा लोभ जड असतो, तो सोसावा.
तुझा,
भावोजी

९ एप्रिल

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

खिडकी उघडू नका. शनिवारी येतो.

तिरकेपणा कागदावर सांगता येत नाही, हाताने दाखवावा लागेल. करवत कुठे अडकली आणि ताईने कुठे शिवी हासडली, तेही दाखवीन. स्टुडिओला कळवून टाका की टिटवी डावीकडून वाकडीच येईल. आणि कप्तानाच्या खुर्चीला हात लावू नका.

तुम्ही ताईच्या खुर्चीत बसून काम करता, तसेच बसा. मला तुमच्या डावीकडे जागा करा. दुसरी खुर्ची घरात नसली तर एक बादली उपडी घालून ठेवा, मला तिची सवय आहे.

बाकीची माया समोरासमोर.
आपला,
खलाशी