ह्यांचा पीएसए अकरा

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
ह्यांचा रिपोर्ट आला. पीएसए ११.४. हवा चारच्या आत. म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर. त्याला डॉक्टर कशाला हवा? मी बी.एस्सी. आहे, १९७९, फर्स्ट क्लास. ह्यांना चहाबरोबरच स्पष्ट सांगितलं. आमच्यात लपवाछपवी नाही. ह्यांनी अर्धा चहा ठेवला. साखर जास्त झाली असावी.

५ फेब्रुवारी
डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या, लघवीत इन्फेक्शन आहे, त्यानेही हा आकडा वाढतो. वयाने ग्रंथी सुजली तरी वाढतो. गोळ्या घ्या, सहा आठवड्यांनी परत तपासू. मुलगी तिशीची. पेशंटला धीर देण्याची ही पद्धत मी लगेच ओळखली. जिन्यातच ह्यांना सांगितलं, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका.

९ फेब्रुवारी
संकल्प : रडायचं नाही, नियोजन करायचं. नातेवाइकांना कळवून झालं. देहदानाचा फॉर्म आणला. ह्यांनी मुकाट्याने सही केली. समाधानी दिसले.

१६ फेब्रुवारी
निधनवार्तेचा मजकूर तयार. ऐन वेळी धावपळ नको. ह्यांना वाचायला दिला. 'दीर्घ आजाराने' खोडून ह्यांनी 'अल्प आजाराने' केलं. चाळीस वर्षांत माझ्या कुठल्या कामात एवढा रस घेतला नव्हता.

२२ फेब्रुवारी
शेवटची इच्छा विचारून घेतली. यादीत तेवढंच राहिलं होतं. म्हणाले, उरलेले दिवस धायरीला सत्यशीलाकडे काढतो. ह्यांची धाकटी बहीण, एकटीच असते. मला शुश्रूषेचा त्रास नको म्हणून. किती जपतात मला! बॅग स्वतः भरली. दहा मिनिटांत.

१९ मार्च
दुसरा रिपोर्ट. रक्त ह्यांनी धायरीहूनच दिलं होतं. १.९. लॅबवाल्यांना फोन करून झापलं, नमुना बदललात. त्यांनी पुन्हा तपासला. १.९. डॉ. प्रियदर्शनींनाही विचारलं. इन्फेक्शनच होतं, म्हणाल्या. बरं. ह्यांना घरी आणायचं. बातमी समोरासमोरच द्यावी.

२१ मार्च, दुपारी
धायरीला गेले. हे बहिणीबरोबर पत्ते खेळत बसले होते. गाल भरलेले. म्हटलं, अहो, कॅन्सर नाही, उठा. पानं खाली न ठेवता म्हणाले, "माहीत आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुझ्यासमोर."
मग ती शेवटची इच्छा, असं विचारलं.
"ती खरी आहे."