ह्यांची बिअरची सहल

गारखेडा, औरंगाबाद
जानेवारी १९९४

प्रिय सखू,

तुझे मालक बिरूभाऊ माझ्या नवऱ्याबरोबर बिअर प्यायला हिमाचलात निघालेत, हे तुला ठाऊक आहे का? नसणारच. मेंढ्या सोडून जो माणूस सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात एका जेवणापुरता थांबला, तो आठ दिवस डोंगरात बसून बाटल्या उघडणार? ह्यांनी सोबत कोण कोण म्हणून त्यांचं नाव घेतलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचे हे तुला माहीत आहेत. एका नळावर आपण चार वर्षं पाणी भरलं, तुझ्यापासून काय लपलंय? चिकलठाण्याच्या कारखान्यात बिअरच्या बाटल्या भरण्यात ह्यांची उमेदीची वर्षं गेली, पण थेंब कधी ओठाला लावला नाही. कपड्यांना आंबूस वास येतो म्हणून सासूबाई गावाकडच्या देवघरात ह्यांना पाऊल टाकू देत नाहीत, तरी हे गप्प. असा माणूस दिवाळीनंतर रेल्वेचं वेळापत्रक घेऊन घरी आला. सिमल्याच्या अलीकडं डोंगरात एक शहर आहे म्हणे, तिथं इंग्रजांपासून बिअरचे कारखाने, झऱ्याचं पाणी, प्रत्येकाची चव निराळी. मग गुलमंडीवरून स्वेटर आला, माकडटोपी आली. कोणत्या दिवशी कुठली बिअर चाखायची हेसुद्धा गॅलरीत उभं राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ठरायला लागलं. एरवी दूधवाल्याशी बोलतानाही ह्यांचा आवाज चढत नाही. आणि थंडीत कुडकुडत गार बिअर प्यायला कोण जातं, तूच सांग.

दिवस तरी कुठले धरले, तर नेमके संक्रांतीचे. विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल तेव्हाच लागणार अशी इथं हवा आहे. माझे थोरले दीर नानासाहेब विरोधातले पुढारी. त्यांनी गावाकडून निरोप पाठवला होता, घरटी एक माणूस रस्त्यावर आला पाहिजे, सर्जेरावनं रजा काढून यावं. हे गावी गेले आणि भर पारावर सांगून आले, की रजा काढलीय, पण बिअर प्यायला चाललोय. नानासाहेब म्हणाले, ''शहरात जाऊन लई माजलास रं. जा, लोळ गटारात.'' सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसानं खऱ्या गोष्टीचीही कधी बढाई मारली नाही, तो अशी शोभा करून घेतो म्हणजे मागं काहीतरी त्याहून वाईट असणार, असं मी धरून चालले.

मग मी ह्यांची पिशवी उचकली. लाज वाटते, पण उचकली. स्वेटरखाली कोरं हिरवं नऊवारी लुगडं. सखू, मी तिथंच बसून रडायला लागले. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, ह्यांनी स्वतःच्या मनानं मला एक पोलकं आणलेलं नाही. लुगड्याच्या घडीत मशेरीची डबी निघाली. रडता रडता मी थांबले. ह्या वयात बाई ठेवायची तर माणूस मशेरी लावणारी, नऊवारी नेसणारी कशाला ठेवील? तरी संशयाला अक्कल नसते. मी डबीचा वास घेऊन पाहिला.

ह्यांच्या शेजारी बाटल्यांवर काम करणारा अप्पाराव तुला आठवत असेल, आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. सहलीत त्याचंही नाव होतं. म्हणून त्याच्या बायकोला, वच्छलाबाईला, विचारायला मी तिच्या घरी गेले. तिनं चहा ठेवला होता. मी सहलीचं नाव काढलं आणि तिनं स्टोव्ह बंद केला. ''मला काय ठाव नाय बाई,'' एवढंच म्हणाली आणि दार अडवून उभी राहिली. मी तिच्याकडं संशयानं बघत होते, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी नुसता संशय नाही, भीती होती. मी नानासाहेबांची भावजय. मला कुणी घाबरतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

घरी येऊन मी ह्यांच्यापुढं लुगडं टाकलं. तेव्हा ह्यांनी सांगितलं. अप्पारावची आई पारूबाई गावात एकटी राहते. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या वेळी तिचं घर जाळलं आणि ती दोन दिवस उभ्या बाजरीत उपाशी लपून होती. यंदाही पारावर तिच्या घराकडं बोट दाखवून बोलणं झालं, ते ह्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अप्पाराव मोर्चात दिसतो, तो आईला आणायला गेला तर वेशीतच अडवतील, म्हणून हेच तिला गुपचूप बाहेर काढणार होते. आणि ह्यांच्यावर संशय येऊ नये, रस्त्यावर का आला नाहीस असं कुणी विचारू नये, म्हणून ही सहल. स्वतःची अब्रू घालवणारं खोटं कुणी बोलेल असं गावाला वाटत नाही, म्हणाले. बिरूभाऊंचं नाव फक्त माझं समाधान करायला घेतलं होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, तू आईला सांगितलं असतंस. मी भांडले, खूप बोलले. पण खरं सांगू, सांगितलं नसतंच, असं मलाही छातीठोक म्हणता येईना.

सखू, हे मी आधी लिहिलं नाही, कारण सगळं कळल्यावर तू ठरवावंस असं मला वाटत होतं. हे पत्र तुला देणारी, हिरव्या लुगड्यातली म्हातारी पारूबाईच आहे. काल ह्यांनी तिला आणलं. माझ्या घरात ती उंबऱ्यापाशीच बसली आणि चहासाठी स्वतःचा कप पिशवीतून काढायला लागली. मी तिला हाताला धरून आत घेतलं. अप्पारावचं घर सगळ्या गावाला माहीत आहे, आणि आमचंही. पैठणकडं धरणाकाठच्या धनगरवाड्यावर तिला शोधायचं कुणाच्या डोक्यात येणार नाही. आठ दिवस तिला तुझी मावशी म्हणून ठेव. मागं माकडटोपी घालून उभा आहे तो माझा नवरा. त्याला मेंढ्यांमागं पाठव, रजा वाया जायला नको. तुला आणि बिरूभाऊंना यात धोका आहे, हे मला कळतं. जमत नसेल तर तसं सांग, मी राग धरणार नाही, फक्त तिला परत गावाकडं धाडू नकोस. इथली काळजी सोड. नवरा बिअर प्यायला गेला म्हणून मी गारखेड्यात दारोदार रडले आहे, आणि उद्या गावी सासूबाईंच्या गळ्यात पडून रडायला निघाले आहे.

तुझीच,
द्वारका