मामंजींचं भजन वाजलंच न्हाई

सोमवार. मामंजींचं वर्षश्राद्ध.

डोकं फिरलंय. धाकट्या दिरानं मामंजींच्या आवाजात भरून ठेवलेलं भजन आज नव्या भारी प्लेअरवर लावायचं ठरवलं. प्लेअरपासनं अ‍ॅम्प्लिफायरला जाणारी जुनी लाल-पांढरी वायर कालच काढून डिजिटल घातली. म्हणं, "वहिनी, जुन्या वायरीनं आवाज मळतो." मळू दे की! आमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला डिजिटल वायर चालतच न्हाई, मुकाच. लाल-पांढरी परत लाव म्हटलं, तर तिचं तुकडं करून ह्यानं तवाच दारातला द्राक्षाचा वेल बांधलेला. माकड! मी कालच आडवी का न्हाई आले?

मामंजींची थोरली बहीण, नव्वदीची आत्याबाई, दहिवडीवरनं खास भावाचा आवाज ऐकाय आलेली. जेवून प्लेअरपुढंच बसून राहिली. "कवा लावतोस रं?"

शेवटी उठली. "पुढच्या वर्षी ऐकीन," म्हणाली. दोघांनी उचलून गाडीत बसवली तिला. पुढच्या वर्षी म्हणं.