पडद्यामागचा कोंबडा

आबा, यंदा चर्चमधल्या उत्तम शुक्रवारच्या नाटकात कोंबडा मोबाइलवर आरवला. पाळकांच्या मुलीनं कुठूनतरी तो आवाज काढून ठेवला होता, पडद्यामागं बसून तिला नुसतं बोट दाबायचं होतं. तेवढंही वेळेवर जमलं नाही. शिष्यानं प्रभूला तीनदा नाकारल्यावर कोंबड्यानं आरवायचं, पण शिष्य झालेल्या पोरानं अजून दुसऱ्यांदाच 'मी त्या माणसाला ओळखत नाही' म्हटलं होतं, तेवढ्यात कोंबडा आरवून मोकळा झाला. सगळे हसले. पोरगं बिचारं गोंधळलं, पण पाठ केलेलं वाया कसं घालवायचं, म्हणून त्यानं कोंबड्यानंतर तिसऱ्यांदा नाकारून घेतलं. मीही हसले आणि हसता हसता एकदम रडायला लागले. शेजारच्या बायांना वाटलं, प्रभूच्या दुःखानं हिचं मन भरून आलं. मी तसं वाटू दिलं. पण माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की तू असतास तर थांबला असतास.

तुला पत्र लिहायचं म्हणजे अवघडच. अक्षराखाली बोट धरून तू पवित्र शास्त्र वाचायचास, एक वचन संपेपर्यंत आईचा भात शिजून व्हायचा. शिवाय आपण घरात जी बोली बोलायचो ती लिहायला मला कुणी शिकवलीच नाही, म्हणून तुझे शब्दही मी शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. ते तुझ्या तोंडी शोभत नाहीत, हे मला कळतं. नवापूरच्या पोल्ट्रीत तू दाणा घालायचास, अंडी गोळा करायचास. तिथं हजारो कोंबड्या, आणि कोंबडा औषधालासुद्धा नाही. तू सांगायचास, "मी आरवलो की सगळ्या माना वर करून बघतात. बिचाऱ्यांनी जन्मात नवरा पाहिलेला नाही." आई तुला म्हणायची, "पोरीसमोर काय बोलतोस, देवाचं भय धर." पण दर वर्षी नाटकात पडद्यामागचा कोंबडा तूच, हे मात्र तिच्या अभिमानाचं होतं. चर्चमध्ये नवा माणूस आला की ती हळूच सांगायची, हा आवाज आमच्या घरचा.

मी अकरावीत होते त्या वर्षी शिष्याचं काम माझ्याकडं आलं, कारण गावातली पोरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली, अजून परतली नव्हती. कापसाला तव्याची काजळी फासून तू मला दाढी करून दिलीस. त्या आठवड्यात मी तुझा जीव खाल्ला होता. चुलीपाशी तू लसूण सोलत बसलेला आणि मी तुझ्या डोक्यावर उभी. प्रभूनं तर आधीच सांगून टाकलं होतं की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. मग त्या शिष्याच्या हातात राहिलं काय? त्यानं नाकारलं नसतं तर प्रभू खोटा पडला असता. म्हणजे त्याला नाकारणं भागच होतं. मग त्यानं रडायचं कशाला आणि दोष तरी त्याचा कसा? पाळकांना विचारलं तर ते म्हणाले होते, आधी परीक्षेचा अभ्यास कर. तू मात्र सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्यास. मग म्हणालास, "सकाळी दाणा घालताना मला कळतं, आज ही कोंबडी अंडं देणार नाही. पण मी कुठं तिला अडवतो?" मी म्हटलं, "कोंबडीला पाप लागत नाही, आबा." आई भाकरी थापता थापता इतकी हसली की भाकरी फाटली.

मी हट्टी, तुझीच मुलगी. नाटकात दोनदा नाकारलं, आणि तिसऱ्यांदा दासी झालेल्या मुलीनं विचारलं, 'तूही त्याच्याबरोबर होतास ना?' तेव्हा मी छाती काढून म्हटलं, "होतो. मी त्याला ओळखतो." मला बघायचंच होतं, आता देव काय करतो. दासी मला खालच्या आवाजात माझं वाक्य सांगायला लागली. कुणाचं तरी मूल रडलं. पाळक पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "अरे, आरव की आता!" आणि आतून तुझा आवाज आला, शांत, अगदी घरच्यासारखा, "ती अजून बोलली नाही." मी उभी, तू आत, मध्ये तो जुन्या चादरीचा पडदा. किती वेळ गेला कोण जाणे. मला कुणी ढकललं नाही. लोक सकाळपासून उपाशी होते, म्हाताऱ्या ताटकळल्या होत्या, आणि मला त्यांच्या नजरा सोसेनात. मी हळू आवाजात म्हणून टाकलं, "मी त्या माणसाला ओळखत नाही." मगच तू आरवलास, आणि असा आरवलास की मला खरंच रडू फुटलं, दाढीची काजळी गालावरून ओघळली.

घरी येताना तू रागावला नव्हतास. शेताच्या बांधावरून पुढं चालत होतास आणि मागं न बघता बोललास, "कोंबडा आरवतो म्हणून तो नाकारत नाही. तो नाकारतो, मग कोंबडा आरवतो. प्रभूला माहीत होतं, तरी प्रभू थांबला. थांबणारा माणूस ढकलत नसतो." मला ते तेव्हा पटलं नाही. पोल्ट्रीतल्या माणसाला काय कळतंय, असंही वाटलं असेल. वाटलंच होतं.

पुढं मला तळोद्याच्या सरकारी ऑफिसात नोकरी लागली. माझी वळकटी बांधताना तू दोरीला गाठ मारलीस आणि सहज म्हणालास, "तिथं तुला माझी लाज वाटेल. वाटू दे. नंतर घरी ये म्हणजे झालं." मी किती चिडले होते! तू आधीच ठरवून टाकलंस, म्हणाले. तू म्हणालास, "ठरवलं नाही. तुला ओळखतो."

तीन महिने मी घरी आले नाही, तेव्हा तूच आलास. सकाळच्या गाडीनं, नंदुरबारला एसटी बदलून, अंड्यांचा ट्रे सुतळीनं बांधून मांडीवर धरून. एकही अंडं फुटलं नव्हतं. तू ऑफिसच्या दारात उभा राहिलास आणि तुझ्याआधी पोल्ट्रीचा वास आत आला. शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कनं विचारलं, "मॅडम, हाऊ बाबा कोन शे? तुमना घरना शे का?" मी म्हटलं, "नाही, गावाकडचे आहेत. दाखल्याचं काही काम असेल." आणि तुझ्याकडं बघून म्हटलं, "तुम्ही बाहेर बाकावर बसा." जन्मात मी तुला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तू बसलास. कागद घेऊन आलेल्या डोंगरातल्या माणसांमध्ये, दोन तास, मांडीवर ट्रे घेऊन. मी फायलीत डोकं घालून होते आणि मला कळत होतं की तू थांबला आहेस. जेवणाच्या सुट्टीत तू पुन्हा दारात आलास आणि मला "मॅडम" म्हणालास. म्हणालास, "गावाकडची अंडी आहेत, ठेवून जातो." माझं खोटं तू उचललंस आणि माझ्यासाठी शेवटपर्यंत निभावलंस. तू गेल्यावर क्लार्क म्हणाला, "गावनी अंडी शेतस का? मंग आमले बी द्या ना, मॅडम." मी सगळी वाटून टाकली. तुझ्या हातचं एकही अंडं मी खाल्लं नाही.

त्या वर्षी उत्तम शुक्रवारला मी आले नाही, मार्चअखेरच्या कामाचं निमित्त सांगितलं. आई फोनवर म्हणाली, आरवताना तुला खोकला आला, पण थांबून थांबून पूर्ण केलंस. पावसाळ्यात तो खोकला छातीत उतरला. मी पोचले तेव्हा तुला पेटीत ठेवलेलं होतं, माझ्यासाठीच माती द्यायची थांबवली होती. सगळे म्हणाले, देवाच्या योजनेत जे असतं तेच होतं. मला त्या शब्दांचा इतका राग आला की मी मातीसुद्धा नीट टाकली नाही. आता टाकते, दर वर्षी कबरीवर फुलं घेऊन येते तेव्हा ओंजळभर. त्याला काही अर्थ नाही.

सोळा वर्षं मी स्वतःची समजूत घालते आहे. ऑफिसातलं ते वाक्य तोंडातून निसटलं, अचानक विचारलं म्हणून. आणि दुसरं असं, की तू आधीच बोलून ठेवलं होतंस, बापाचा शब्द खरा होतोच, मग माझ्या हातात काय होतं? त्या शिष्याची वकिली करता करता मी माझीच करत होते. यंदा नाटकानंतर पाळकांची मुलगी म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी तुम्हीच बसा ना पडद्यामागं, तुमच्या घरातलंच काम ते." मी पडद्याची घडी घालायला घेतली. तिथं बसणाऱ्याला थांबता यायला हवं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते, जी मी आईलाही सांगितली नाही. तू तळोद्याला आलास त्या दिवशी मी तुला ऑफिसच्या खिडकीतून फाटकापाशीच पाहिलं होतं. तू ट्रे कठड्यावर ठेवलास. नळावर तोंड धुतलंस, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसलंस, सदऱ्याचं वरचं बटण लावलंस. पायरीशी चपला काढल्यास, त्याही कडेला नीट जोडून ठेवल्यास. तोवर मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. 'गावाकडचे आहेत' हे मी तेवढ्या वेळात जुळवलं, आणि एकदा मनात म्हणूनही बघितलं. तुला माहीत होतं मी काय म्हणणार आहे, आबा, आणि तरी तू तोंड धुऊन आलास.