मागचं डावं चाक

बाबा, आज माझ्या गाडीच्या ब्रेकचा आवाज यायला लागला आणि रात्री तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं एक ओळ लिहिली नाही. आपल्या दोघांत बोलण्याचीच मारामार, तिथं लिहिणं कुठलं?

साठ सालानंतरची गोष्ट. मी आर्णीचं सासर सोडून एका पेटीनिशी पांढरकवड्याला तुमच्या दारात आले होते. आई नव्हती. आत्या उठता-बसता सांगायची, "तोंड बंद ठेव न जाय परत. कायले बोभाटा करतं?" येत्या रविवारी सासरची माणसं मला न्यायला येणार होती, आणि पाठवायचं की नाही हे तुम्ही ठरवणार होतात. तुम्ही मात्र चकार शब्द काढत नव्हता. तुम्ही कापसाच्या जिनिंगवाल्या शेटजींचे ड्रायव्हर; सकाळी त्यांची गाडी घेऊन निघायचात, रात्री येऊन मुकाट्यानं जेवायचात. मला वाटायचं, ह्यांनाही मी जड झाले. तुमचा फार राग यायचा तेव्हा.

त्याच आठवड्यात शेटजींची गाडी ब्रेक दाबला की ओरडायला लागली. शेटजी पाहुण्यांच्या गाडीतून नागपूरला गेले आणि जाताना सांगून गेले की परत येईपर्यंत हा आवाज बंद पाहिजे. शेजारचा मिस्त्री एरंडीच्या तेलाची बाटली घेऊन आला. म्हणाला, "ब्रेकच्या ड्रममंदी दोन थेंब सोडा, चूप होते." तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की तो बाटलीसकट परत फिरला. मग मला म्हणालात, "चाल. तुले गाडी चालवाची हाय."

आत बसलेल्याला आवाज सगळीकडूनच येतो, म्हणून एकानं ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं बाहेरून बाजूनं चालायचं, ही तुमची पद्धत. जिनिंगच्या आवारात तुम्ही मला क्लच आणि ब्रेक तेवढा शिकवलात आणि आपण केळापूरच्या रस्त्याला लागलो. कापसाच्या बैलबंड्या येताहेत, बाई गाडी चालवते म्हणून बंडीवाले खो खो हसताहेत. "त्यायले हासू दे. तू समोर पाह्य." मी पहिल्या गिअरात, आणि तुम्ही खिडकीवर हात ठेवून सोबत चालताय. "दाब." जरा वेळानं, "सोड." मग पलीकडून, पुन्हा तेच. "चारी चाकं वरडून राह्यले," मी वैतागून म्हणते. तुम्ही खेकसता, "चारी म्हनू नको. चारी कधीच नसते. नीट सांग, हळू दाबलं तं येते का जोरात? गाडी थंडी असतानी का तापल्यावर?" मी विचार करून सांगते आणि तुम्ही मान खाली घालून ऐकता. माझं उत्तर ऐकायला कोणी थांबलं आहे, हे मी किती दिवसांनी पाहत होते.

ओरडणारं चाक मागचं डावं निघालं. तुम्ही ते खोललंत. आतलं ब्रेकचं लायनिंग झिजून त्याचे रिव्हेट उघडे पडले होते आणि त्यांनी लोखंडी ड्रमला खोल चरी पाडली होती. तुम्ही माझं बोट धरून त्या चरीतून फिरवलंत. "तेल टाकलं असतं तं आवाज गेला असता. न उतारावर गाडी बी गेली असती."

रविवारी सासरे आले, सोबत माझा नवरा. "पोरगी उगाच कांगावा करते," सासरे म्हणाले. आत्यानं चहा टाकला. तुम्ही मला दाराआडून पुढे बोलावलंत आणि त्या रस्त्यावरच्याच आवाजात विचारलंत, "सांग. कवापासून हात उचलते हा? घरात कोनी नसतानी का समद्यायसमोर? पेल्यावर का तसाच?" मी बोलत गेले. मधे अडखळले तर तुम्ही थांबलात. सासरे उठायला लागले, त्यांना तुम्ही हातानंच खाली बसवलंत. सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही उठलात, माझी पेटी उचलून माळ्यावर ठेवलीत आणि त्यांना म्हणालात, "चहा घेऊन जा."

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी शिकले, पुसदला शाळेत लागले, तिथंच निवृत्त झाले. घरात मी एकटीच असते. आज गॅरेजवाला आत बसून एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, चारी बाजूचं बदलून टाकू." मला हसू आलं. नको म्हणून गाडी घेऊन गावाबाहेर रिकाम्या रस्त्यावर गेले, काच खाली केली, हळूहळू चालवत ब्रेक दाबला. गाडी थांबली तरी पाय तसाच ठेवून बसून राहिले, कोणी सोड म्हणेल म्हणून.

हा कागद कुठं टाकायचा नाहीच, तेव्हा सांगून टाकते. ते चाक पुढचं उजवं आहे, माझ्याच बाजूचं, आणि ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं. तरी दिवस मावळेपर्यंत मी त्याच रस्त्यावर फेऱ्या मारत होते, बाबा. बाजूनं कोणीतरी चालायला हवं होतं.